उन्हाळा, बर्फ आणि केळ्याचे आईस्क्रीम

एप्रिल लागला, पारा ४४ अंशांकडे सरकू लागला, की आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, याला आईस्क्रीम देऊ का हो?" डॉक्टरीणबाईंनी 'नाही' म्हणावे आणि शेजारी उभ्या असलेल्या पोराला ते नीट ऐकू जावे, अशी विचारणाऱ्या आईची अपेक्षा असते. मी सहसा 'द्या' म्हणते. पोरगा खूश होतो, आई नाराज होते. मग मी पुढचे वाक्य बोलते, "पण घरी करून द्या," आणि दोघेही नाराज होतात.

त्यांचेही खरे आहे. घरचे आईस्क्रीम म्हणजे दूध आटवा, पावडरी आणा, दोनदा मिक्सरमधून काढा. आणि एवढे करून शेवटी चमच्याने फुटत नाही असा बर्फाचा दगड हाती येतो. हा व्याप न करताही उत्तम आईस्क्रीम होते, आणि त्यासाठी लागणारा मुख्य जिन्नस आपल्या घराच्या कोपऱ्यात काळा पडत पडलेला असतो. तो म्हणजे केळी. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती कुठे कुठे जातात. पण आपल्या घरात मात्र सालीवर चार काळे ठिपके दिसले की ती गाईपुढे जातात.

कृती सांगतेच. पण त्याआधी थोडे बर्फाविषयी बोलू द्या, कारण 'घरीच का' याचे उत्तर तिथे आहे.

गोठवल्याने जंतू मरतात अशी एक ठाम समजूत आहे. शिकलीसवरलेली माणसेही मला हे सांगतात. वस्तुस्थिती अशी की उकळीने जंतू मरतात, थंडीने बहुतेक जंतूंची फक्त वाढ थांबते. फ्रीजरमध्ये ते झोपून राहतात म्हणा ना. बर्फ वितळला, पोटात गेला, की पुन्हा जागे. विषमज्वराचे म्हणजे टायफॉईडचे जंतू बर्फात टिकतात. कावीळ 'अ' चा विषाणू तर गोठवलेल्या पदार्थात महिनोन्‌महिने तग धरतो. २०१३ साली अमेरिकेत गोठवलेल्या मिश्र फळांच्या पाकिटांतून दीडशेहून अधिक लोकांना ही कावीळ झाली. शोध घेतला तेव्हा बाहेरदेशाहून आणलेल्या डाळिंबाच्या दाण्यांपर्यंत माग लागला. पाकीट कारखान्यातले, फळ आरोग्याला उत्तम, थंडी कडाक्याची, आणि तरीही.

आपल्याकडे गोळा, पेप्सी, लस्सीत टाकलेला बर्फ, लग्नाच्या मांडवातले सरबत असे अनेक दरवाजे उघडे असतात. मासळी, दुधाचे कॅन, फळे थंड ठेवण्यासाठी जो बर्फ बनतो तो पिण्याच्या पाण्याचा असावा असे बंधन नसते. तो ओळखू यावा म्हणून २०१८ साली महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फात निळा रंग टाकण्याचा नियम झाला. नियम चांगला आहे. पण गाडीवरचा बर्फ पांढरा आहे एवढ्यावरून तो स्वच्छ ठरत नाही. तो कोणत्या ओट्यावरून ओढला, कोणत्या पोत्यात गुंडाळला, किसणाऱ्याने हात कशाला पुसले, हे रंगावरून कळत नाही. गोळेवाल्यावर माझा राग नाही. भर उन्हात दिवसभर उभे राहून पोट भरणारा माणूस तो. पण आपल्या पोराच्या पोटात काय जाते याचा विचार आपणच करायला हवा.

या आजारांत एक मोठी फसवणूक असते, ती लक्षात घ्या. जुलाब-उलट्या तासाभरात किंवा दोन दिवसांत होतात, त्यामुळे 'काल काय खाल्ले' ते आठवते. टायफॉईड साधारण एक-दोन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा डोके वर काढतो. कावीळ 'अ' ला १५ ते ५० दिवस लागतात, सरासरी चार आठवडे. डोळे पिवळे झालेल्या पोराला घेऊन आई येते आणि छातीठोकपणे सांगते, "मॅडम, आठ दिवसांत त्यानं बाहेरचं काही तोंडात घातलेलं नाही." ती खोटे बोलत नसते. मी विचारते, "महिन्याभरापूर्वी कुठे गेला होता?" मग हळूहळू निघते: मामाचे लग्न, जत्रा, शाळेची सहल. आजार नेमका तिथूनच आला असे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण शोध गेल्या आठवड्यात नव्हे, गेल्या महिन्यात घ्यायचा असतो.

लहान मुलांना ही कावीळ बहुधा सौम्य होते आणि विश्रांती, साधा आहार यांवर बरी होते. त्यामुळेच तर गळ्यात माळ घालणाऱ्यांना आणि हातावर चुना चोळून पिवळे पाणी दाखवणाऱ्यांना श्रेय मिळते. पण दूषित पाण्यातून येणारी कावीळ 'ई' गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. घरात गरोदर सून असेल तर तिचे डोहाळे रस्त्यावरच्या गोळ्याने पुरवू नका. तिला घरी करून घाला.

आता पॅकबंद आईस्क्रीमविषयी. जंतूंच्या हिशेबाने ते गोळ्यापेक्षा केव्हाही बरे, कारण मिश्रण तापवून निर्जंतुक केलेले असते. अट एकच की दुकानात वीज जाऊन ते वितळून पुन्हा गोठलेले नसावे. वेडावाकडा कप, झाकणाच्या आत बर्फाचे खडे दिसले तर परत करा. आणि वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचा. साधे आईस्क्रीम म्हणायचे तर त्यात निदान १० टक्के दुधाची चरबी हवी, असा आपल्याकडे नियम आहे. दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल वापरले तर 'फ्रोझन डेझर्ट' असे छापावे लागते. चित्र तेच, रंग तोच, त्यामुळे गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. दुसरे, आपण मापाने घेतो, वजनाने नाही. आईस्क्रीममध्ये हवा फेटलेली असते. नियमाप्रमाणे एका लिटरचे वजन ५२५ ग्रॅम भरले तरी चालते; म्हणजे जवळजवळ निम्मा डबा हवेचा.

माझी खरी तक्रार साखरेची आहे. शंभर ग्रॅम आईस्क्रीममध्ये साधारण वीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत दिवसाला २५ ग्रॅमच्या आत वरची साखर ठेवा असे म्हटले आहे. चहा, बिस्किटे धरून! एवढी साखर घालतात तरी का? कारण दोन आहेत. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. वितळलेले आईस्क्रीम चाखून पाहा, पाकासारखे लागते. आणि दुसरे, साखर विरघळलेले पाणी सहजी गोठत नाही, त्यामुळे आईस्क्रीम मऊ राहते. घरी करताना आपण 'तब्येतीला बरी' म्हणून साखर कमी करतो आणि दगड तयार होतो, तो यामुळे. शिवाय घरच्या फ्रीजरमध्ये मिश्रण सावकाश गोठते, म्हणून बर्फाचे कण मोठे होतात आणि दाताखाली करकरतात. १९९० च्या दशकात गावोगावी आईस्क्रीमचे वर्ग भरत, त्यांत जीएमएस पावडर आणि सीएमसी पावडर यांच्या पुड्या मिळत, त्या हे कण बारीक ठेवण्यासाठी. त्या काही विष नव्हेत. पण पिकलेले केळे असेल तर त्यांची गरज पडत नाही.

केळे पिकते तेव्हा त्यातल्या पिठूळ भागाची साखर होते. त्याच्या गरात पेक्टिन असते, ज्याने जॅम घट्ट होतो तेच. साखर मऊ ठेवते, पेक्टिन आणि गर मिळून लोण्यासारखा लगदा धरून ठेवतात. वरची साखर शून्य. केळ्यात स्वतःची साखर असतेच, ती मी नाकारत नाही. पण तिच्याबरोबर चोथा येतो, पोटॅशियम येते, आणि एक केळे खाल्ल्यावर पोट भरते. पाकाचे तसे होत नाही.

चार माणसांसाठी चार मध्यम केळी घ्या. सालीवर काळे ठिपके आलेली, पण आतून पाणी न सुटलेली. साल काढण्यापूर्वी केळी धुवा. साल आपण खात नाही, पण हात सालीला लागून गराला लागतात. हात साबणाने धुवा. अर्ध्या इंचाच्या चकत्या करून स्टीलच्या ताटलीत एकमेकींना न चिकटता पसरा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. चार-सहा तास तरी, रात्रभर ठेवल्यास उत्तम. एकदाराचा जुना फ्रीज असेल तर बटण आदल्या दिवशीच जास्त थंडीवर फिरवून ठेवा. अख्खी केळी सालासकट ठेवू नका; गोठलेली साल निघता निघत नाही, सुरी हातात घुसते आणि मग टाके घालायला माझ्याकडे यावे लागते.

गोठलेल्या चकत्या मिक्सरच्या लहान भांड्यात, भांडे निम्मेच भरून, घाला. वर उकळून गार केलेले साईसकट दूध दोन-तीन चमचे. मिक्सर सलग फिरवू नका, थांबवत थांबवत फिरवा, नाहीतर मोटार तापते आणि केळी वितळतात. पहिल्यांदा रव्यासारखा भुगा होईल. इथे बहुतेक बायका घाबरून दूध ओततात आणि मग त्याचे शिकरण होते. ओतू नका. झाकण उघडा, चमच्याने कडा खाली ओढा, पुन्हा फिरवा. भुग्याचे गोळे होतील आणि मग एकाएकी सगळे मिळून येऊन तुळतुळीत होईल. चिमूटभर वेलची, अगदी किंचित मीठ, हवा तर चमचाभर भाजलेल्या शेंगदाण्याचा बारीक कूट किंवा कोको. लगेच वाट्यांत काढा. उरले तर झाकण लावून फ्रीजरमध्ये ठेवा आणि खाण्याआधी दहा मिनिटे बाहेर काढा.

एक चमचा तोंडात गेल्यावर यात साखर नाही हे कुणी ओळखत नाही. आमच्या घरी आलेल्या पाहुण्यांवर मी हा प्रयोग अनेकदा केला आहे.

"दूध आणि केळं विरुद्ध अन्न ना?" असे विचारणारे असतात. आयुर्वेदात तसे सांगितले आहे आणि ज्यांना ते पाळायचे त्यांनी दुधाऐवजी दोन चमचे पाणी किंवा नारळाचे दूध घालावे, काही अडत नाही. पण महाराष्ट्रातली घरे पिढ्यान्‌पिढ्या शिकरण-पोळी खात आली आहेत, एवढे नमूद करते. आधुनिक वैद्यकात या जोडीला आक्षेप नाही. दूध पचत नसेल तर गोष्ट वेगळी.

केळ्याची हातोटी साधली की बाकीची फळे सोपी. आंब्याच्या दोन वाट्या गोठलेल्या फोडींना अर्धी वाटी चक्का घाला. आमरसापेक्षा मुलांना हेच आवडते. चिक्कू तर जणू यासाठीच जन्मला आहे, मात्र बी आणि साल नीट काढा. सिताफळाचा गर कधीही तापवू नका, कडू होतो. आणि त्याच्या बिया चुकूनसुद्धा मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका, त्यांची पूड डोळ्यांना फार अपाय करते. पपई आणि अननस यांत प्रथिने तोडणारे पाचक रस असतात, त्यामुळे कच्च्या गरात दूध घालून ठेवले की काही वेळाने कडवट होते. पपई दुधाशिवाय, लिंबू पिळून करा. अननसाच्या फोडी पाच मिनिटे वाफवून गार केल्या की तो दोष जातो. टरबूज म्हणजे बहुतेक पाणीच, त्याचे आईस्क्रीम होणार नाही. पण रस ताटात ओतून गोठवा, दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडा, वर लिंबू आणि काळे मीठ. पोरांना तो गोळाच वाटतो, आणि त्यात बर्फ कारखान्याचा नसतो.

स्वच्छतेच्या दोन जागा अशा, जिथे मी घरोघरी घाण पाहिली आहे. एक, मिक्सरच्या झाकणाची रबरी कडी. ती ओढून काढा आणि पाहा आत काय जमले आहे. शिळे दूध, शिळी चटणी, काळी बुरशी. दर वेळी काढून, धुऊन, वाळवून लावा. पात्याखालची कडीही निघत असेल तर तीही. दुसरी, फ्रीजरमधला बर्फाचा ट्रे. नळाचे पाणी ओतून तो वर्षभर तसाच. पाणी खळखळून उकळू द्या, उकळी आल्यावर निदान मिनिटभर ठेवा, झाकून गार करा आणि मगच ट्रे भरा.

वीज गेली तर फ्रीजरचे दार उघडून 'वितळले का' बघत बसू नका. बंद दारात थंडी बराच वेळ टिकते. मात्र दुधाचे आईस्क्रीम पूर्ण पातळ झाले आणि उन्हाळ्याच्या गरमीत तासाभराहून जास्त तसेच राहिले, तर पुन्हा गोठवू नका. टाकून द्या. मन होत नाही, मला ठाऊक आहे. पण चार केळ्यांची किंमत आणि सलाईनच्या एका बाटलीची किंमत यांचा हिशेब करून बघा.

आता 'चालेल का' चे प्रश्न. मधुमेह असलेल्यांनी साखर नाही म्हणून दोन वाट्या खाऊ नयेत. अर्धी वाटी, तीही जेवणावर वर म्हणून नव्हे तर संध्याकाळच्या खाण्याच्या जागी; आणि घरी ग्लुकोमीटर असेल तर दोन तासांनी तपासा. प्रत्येकाचे शरीर वेगळे वागते, आकडा खोटे सांगत नाही. साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला म्हणून ते 'शुगर फ्री' होत नाही. शरीराच्या हिशेबी ती साखरच. मध एक वर्षाखालच्या बाळाला तर कधीच देऊ नये, त्यातून क्वचित पण गंभीर विषबाधा होते. पाच वर्षांखालच्या मुलांच्या वाटीत अख्खे शेंगदाणे, काजूचे तुकडे नकोत, श्वासनळीत अडकतात. बारीक कूट चालतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना केळ्यातले पोटॅशियम धोक्याचे ठरू शकते, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही कृती करू नये. आणि गार खाल्ल्याने घसा धरतो का? घसा धरतो तो बहुतेक वेळा विषाणूंमुळे. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर मुलांना गार, मऊ पदार्थ मुद्दाम देतात. दम्याच्या काही मुलांना मात्र एकदम गार घास गिळल्यावर खोकल्याची उबळ येते. त्यांना थोडे वितळू देऊन, सावकाश.

मिक्सर नाही किंवा वीजच टिकत नाही, त्यांनी माळ्यावरचा जुना लाकडी पॉट खाली काढावा. मधल्या डब्यात कुस्करलेली केळी, उकळून गार केलेले दूध आणि वेलची. डबा तीन-चतुर्थांशच भरायचा, कारण फिरवताना मिश्रण फुगते. भोवती तीन-चार भाग बर्फाला एक भाग जाडे मीठ. मिठामुळे बर्फ शून्याच्या खाली जाऊन वितळतो आणि डब्यातली उष्णता ओढून घेतो. नुसत्या बर्फाने आईस्क्रीम होत नाही ते यासाठी. अर्धा तास आळीपाळीने फिरवा, मुलांना कामाला लावा. हा बर्फ कारखान्याचा, कदाचित निळाही असेल, हरकत नाही. पण त्याची पातळी डब्याच्या झाकणाखाली दोन बोटे राहिली पाहिजे आणि झाकण उघडण्यापूर्वी स्वच्छ फडक्याने कोरडे पुसले पाहिजे, म्हणजे त्याचा एक थेंबही आत जाणार नाही. 'चव बघतो' म्हणून त्यातला खडा उचलून चोखणारे एक तरी पोर असतेच, त्याच्यावर लक्ष ठेवा. आणि उरलेले खारे पाणी तुळशीत किंवा कुंडीत ओतू नका, झाड जळते.